दरबारी पडदे आणि आमच्या भिंती

आपल्या उपनगरांतील पुष्कळ ख्रिस्ती घरांत बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपासून थोड्या अंतरावर, यंत्रावर विणलेला एक मखमली पोताचा पडदा टांगलेला असतो. बहुधा आखातात नोकरीस असलेल्या मुलाने किंवा जावयाने तो आणलेला असतो. कधी त्यावर प्रभूचे अखेरचे भोजन असते. पण अनेकदा असतो तो एक युरोपीय दरबार. केसांचे टोप चढवलेले सरदार, घेरदार झग्यांतल्या स्त्रिया, पाठीमागे कारंजे, पायाशी कुत्रा. अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, घरे आशीर्वादित करीत फिरताना आम्ही अशा पडद्याखाली कितीदा तरी चहा घेतला आहे. हे चित्र कशाचे, असे विचारले की घरधनी मोठ्या प्रेमाने सांगतो, ‘फादर, ते आपल्या जुन्या काळचे. आपल्या ख्रिस्ती लोकांचे.’

या ‘आपल्या’ शब्दाशी आमचे भांडण आहे. पडद्याशी नाही, पडदा सुंदर असेल तर खुशाल टांगावा. परंतु राजदरबाराचे चित्र पाहून त्यात आपला धर्म आणि आपले पूर्वज शोधण्याची सवय आपल्या समाजात इतकी मुरली आहे, की ती भिंतीवरून उतरून आपल्या ज्युबिलीच्या व्यासपीठावर येऊन बसली आहे. तिचा समाचार घेणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. इंग्रजीत जिला टॅपेस्ट्री म्हणतात तो विणीव भित्तिपट. त्यावरचे चित्र कापडावर रंगवलेले नसते, भरतकामाने काढलेलेही नसते. उभ्या ताण्यामधून रंगारंगाचे आडवे धागे हातांनी फिरवीत कापड आणि चित्र एकाच वेळी जन्माला येतात. आपल्या येवल्याच्या पैठणीच्या पदरावरचा मोर याच जातीच्या विणीतून उतरतो, हे आमच्या भगिनींना सांगावयास नको. पदराएवढ्या विणीला किती दिवस लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी भिंतभर विणीला किती माणसे आणि किती वर्षे लागत असतील याचा हिशेब करावा. लोकर, रेशीम, सोन्यारुप्याची जर हे सारे पदरमोड करून घेणे सामान्याच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून असले पट राजे, सरदार आणि धनाढ्य धर्माधिकारी विणवून घेत. ते गुंडाळून एका महालातून दुसऱ्या महालात नेता येत आणि जिथे टांगावे तिथे दरबार उभा राही. अशा पटाकडे आपण छायाचित्राप्रमाणे पाहतो, ही पहिली चूक. ज्याने पैसे मोजले त्याचे ते म्हणणे असते. आपण त्याचे म्हणणे जरूर ऐकावे. पण ते साक्षीदाराचे नव्हे, पक्षकाराचे आहे, हे विसरू नये.

पॅरिस येथील क्ल्युनी संग्रहालयात सहा पटांची एक मालिका आहे. ‘स्त्री आणि एकशिंगी’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. इ. स. 1500 च्या सुमाराची ही वीण. लाल भूमीवर पसरलेली असंख्य फुले, मध्ये एक उंची वस्त्रे ल्यालेली स्त्री, एका बाजूस सिंह, दुसऱ्या बाजूस कपाळावर एकच शिंग असलेला तो काल्पनिक पांढरा प्राणी. सभोवार निशाणे, आणि निशाणांवर तीन-तीन चंद्रकोरी. बुसाक नावाच्या गावच्या गढीत हे पट धूळ खात पडले होते. एकोणिसाव्या शतकात लेखकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले, आणि 1882 मध्ये ते संग्रहालयासाठी विकत घेण्यात आले.

त्या चंद्रकोरींनी मोठी गंमत केली. चंद्रकोर म्हटली की तुर्क आठवायचा आणि तुर्क म्हटला की मुसलमान! त्या मुलुखात पंधराव्या शतकात एक तुर्की शहजादा नजरकैदेत होता. तेव्हा हे पट त्याचेच असले पाहिजेत, असा तर्क पसरला आणि जॉर्ज साँ या विख्यात लेखिकेनेही तो उचलून धरला. पुढे अभ्यासकांनी शांतपणे वंशचिन्हे तपासली. त्या कोरी ल व्हिस्त नावाच्या घराण्याच्या निघाल्या. मूळची लिआँची ही मंडळी कायदेपंडिती आणि राजाची चाकरी करून वर चढलेली. नवी प्रतिष्ठा मिळालेल्या घराण्याने आपले चिन्ह प्रत्येक निशाणावर विणवून घेतले होते, इतकेच. तुर्काचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. चिन्ह दिसताच धर्म ठरवणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, ही हकीकत गाठीस बांधून ठेवावी.

आता आमच्या बाजूच्या घाईचेही ऐका. मध्ययुगीन ख्रिस्ती ग्रंथांत एकशिंगी हे ख्रिस्ताचे रूपक आहे. तो प्राणी केवळ कुमारिकेच्या मांडीवर डोके ठेवतो अशी कथा होती. हे वाचलेले आमचे काही धर्मबंधू पटातील स्त्रीला तत्काळ पवित्र मरिया करून टाकतात. परंतु पट नीट पाहावा. एकात ती आरसा धरते, एकात बाजा वाजवते, एकात ताटातली मिठाई उचलते, एकात फुलांची माळ गुंफते, एकात एकशिंगीच्या शिंगाला हात लावते. ही दृष्टी, श्रवण, रसना, घ्राण आणि स्पर्श ही पाच इंद्रिये होत, हा अर्थ आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. सहाव्या पटात ती एका तंबूपुढे उभी आहे. तंबूवर ‘माझ्या एकमेव इच्छेस’ अशा आशयाची फ्रेंच अक्षरे आहेत आणि तिच्या हातात, दासीने धरलेल्या पेटीवर, एक कंठा आहे. ती कंठा उतरवून ठेवते आहे की ल्यावयास उचलते आहे? त्याग की भोग? पंडितांचे यावर एकमत नाही, कारण हाताची ती ठेवण दोन्हींना सारखीच लागू पडते. कन्फेशनमध्ये बसणाऱ्या कोणाही धर्मगुरूला ही अनिश्चितता परिचयाची वाटेल. मनुष्याचा हात पाहून त्याचे मन ओळखता येत नाही. मग शतकांपूर्वीच्या एका दरबारी पटावर आपल्या भक्तीचा शिक्का उमटवण्याची एवढी घाई कशासाठी?

याहूनही बोलका एक पट पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात विणला गेला. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने 1662 मध्ये हा राजकारखाना उभारला आणि ल ब्रं या चित्रकाराच्या देखरेखीखाली ‘राजाचा इतिहास’ नावाची मालिका तेथे तयार झाली. तीतील एका पटावर राजाचे दालन आहे. एक कार्डिनल राजासमोर बसून हातातला कागद वाचीत आहे आणि दरबारी मंडळी ऐकत आहेत. अजाण ख्रिस्ती प्रेक्षकाला वाटेल, किती धर्मनिष्ठ हा राजा! साक्षात कार्डिनलकडून धर्मवाचन ऐकतो आहे.

वस्तुस्थिती अशी. 1662 च्या ऑगस्टमध्ये रोममध्ये पोप महोदयांच्या कॉर्सिकन रक्षकांची आणि फ्रेंच राजदूताच्या माणसांची चकमक उडाली. ‘परमख्रिस्ती राजा’ ही पदवी मिरवणाऱ्या लुईने त्याचा सूड म्हणून पोपच्या ताब्यातील आव्हिन्यों बळकावले. 1664 मध्ये पिसा येथे तह झाला आणि पोप सातवे अलेक्झांडर यांना आपला पुतण्या कार्डिनल फ्लाविओ किजी यास फ्रान्सला धाडावे लागले. 29 जुलै 1664 रोजी फोंतेनब्लो येथे कार्डिनलने राजासमोर जे वाचले ते धर्मवचन नव्हते, तो माफीनामा होता. राजाने तो प्रसंग रेशमात विणवून घेतला तो ख्रिस्तसभेच्या गौरवासाठी नव्हे. पेत्राच्या वारसाला आपण कसे वाकवले हे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक वकिलाला दिसावे म्हणून. असला पट ‘आपल्या लोकांचा’ म्हणून भिंतीवर लावणे म्हणजे आपल्याच घरातला अपमान चौकट करून लावणे होय.

त्याच 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्या शहरात फादर आम्ब्रोज नावाचे कापुचिन धर्मगुरू राहत. महाराजांनी त्यांच्या निवासाला धक्का लागू दिला नाही, फिरंगी पाद्री ही भली माणसे आहेत असे ते म्हणाले, ही नोंद बर्निये या फ्रेंच प्रवाशाने करून ठेवली आहे. एकाच वर्षात एक ख्रिस्ती राजा पोपच्या प्रतिनिधीस माफी वाचावयास लावतो आणि मोहिमेवर असलेला मराठा राजा एका गरीब पाद्र्याचे दार राखतो! यातला कोणता प्रसंग आपला? आम्हांस विचाराल तर आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात लावण्यास दुसरा प्रसंग अधिक शोभेल.

आता आपल्या उंबरठ्याशी येऊ. गोव्याचा दरबारही अशा विणीत उतरला आहे. फ्रान्सच्या शेजारच्या फ्लँडर्स-ब्राबांत मुलुखात, ब्रसेल्सच्या मागांवर, सोळाव्या शतकाच्या मध्यास दोम जुआंव द कास्त्रो याच्या पराक्रमाचे दहा पट विणले गेले. आज ते व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहेत. विषय दोन: 1546 चा दीवचा वेढा आणि 1547 मधील कास्त्रोचा गोव्यात विजयप्रवेश. हा प्रवेश त्याने प्राचीन रोमन सेनापतींच्या थाटात, डोक्यावर पर्णमुकुट धारण करून केला होता. पराभूतांची धिंड, जिंकलेली निशाणे, वाद्यांचा गजर, सारे काही होते. ही वार्ता लिस्बनला पोहोचली तेव्हा राणी कातारिना हिने, कास्त्रो जिंकला ख्रिस्ती माणसासारखा पण मिरवला मात्र मूर्तिपूजक रोमनासारखा, अशा अर्थाचा उद्गार काढल्याची कथा सांगतात. तो दरबार ख्रिस्ती नव्हता, असे आज आम्ही म्हटले तर कोणी आम्हांस बंडखोर ठरवील. पण साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका कॅथलिक राणीच्या तोंडी ते घातले गेले आहे.

त्या पटांवर काय नाही, तेही पाहिले पाहिजे. दीवची तटबंदी पुन्हा बांधण्यास पैसा नव्हता, तेव्हा कास्त्रोने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले, हे प्रसिद्धच आहे. पैसे देणारे नागरिक मिरवणुकीच्या अग्रभागी नाहीत. ब्रसेल्सच्या ज्या विणकराने ही दृश्ये विणली त्याने मांडवीचे पाणी पाहिलेले नव्हते. त्याच्या हाती नमुना दिला, त्याने विणले. आणि खुद्द कास्त्रोचे एक दुसरे रूपही त्या पटांवर नाही. 1538-39 मध्ये गोव्याहून दीवकडे जाताना त्याने किनाऱ्याचे टिपण लिहिले. त्यात घारापुरीची लेणी आहेत, आपल्या साष्टीतली, बोरिवलीजवळची कान्हेरीची लेणीही आहेत. आणि त्याने ती विस्मयाने, मोजमापासह वर्णिली आहेत. कान्हेरीच्या खडकापुढे थक्क होऊन उभा राहिलेला कास्त्रो आम्हांस पर्णमुकुटाच्या कास्त्रोपेक्षा मोठा वाटतो. 1548 च्या जूनमध्ये तो गोव्यात वारला तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर त्याच्या उशाशी होते. मरणाच्या त्या खोलीचा पट मात्र कोणी विणवला नाही.

वाचक म्हणतील, फादर, हे पॅरिस-व्हिएन्नाचे पुराण आमच्या काय कामाचे? काम असे. आमच्या भागातील एका धर्मग्रामाच्या ज्युबिलीत मुलांचा ऐतिहासिक देखावा आम्ही पाहिला. मध्यभागी व्हाइसरॉय झालेला, मखमली अंगरखा आणि पिसांची टोपी घातलेला मुलगा. त्याच्या शेजारी झग्यांतल्या मुली. हे कपडे कोठून सुचले? थेट त्या भिंतीवरच्या पडद्यावरून! आणि पुढे जमिनीवर, उघड्या अंगाची, गुडघे टेकलेली आठ-दहा मुले म्हणजे ‘आपले पूर्वज’. पालक टाळ्या वाजवीत होते. त्या देखाव्यात आपले मूल खाली बसले आहे, आणि वर बसलेला माणूस आपल्यापैकी नाही, हे एकाच्याही ध्यानात येऊ नये?

याला आम्ही निरुपद्रवी हौस मानीत नाही. आपण पोर्तुगिजांची पैदास, त्यांच्या दरबाराचे उष्टे खाणारे, असा आरोप आपल्यावर अधूनमधून होतो. तो खोटा आहे. अंधेरी, मरोळ, वेसावे, गोराईच्या आपल्या कुटुंबांच्या आज्या लुगडे नेसत, मराठीची आपली बोली बोलत, शेती आणि मासेमारी करीत. पण आपल्याच व्यासपीठावर आपणच व्हाइसरॉयला मध्यभागी बसवून त्याला ‘आपला इतिहास’ म्हटले, तर त्या आरोपाला साक्षीदार कोण पुरवतो? दरबाराकडे पाहून स्वतःला ओळखण्याची ही सवय जुनीच. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपल्या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नोकऱ्यांच्या स्पर्धेत आपण मुंबईचे मूळ रहिवासी, हे सरकारला कळावे हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे आणि ते नाव आम्हीही मायेने घेतो. परंतु मातीतल्या माणसांना आपली ओळख पटवण्यासाठी कंपनी सरकारच्या नावाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला वडीलधाऱ्यांचा: ‘श्रद्धा ज्यांनी आणली त्यांच्याशी कृतघ्न व्हावे काय?’ मुळीच नाही. पण श्रद्धा दरबाराने आणली नाही. दरबाराने तह, जकात आणि तोफा आणल्या. श्रद्धा आणली ती अनवाणी फिरणाऱ्या मिशनऱ्यांनी, आणि टिकवली ती इथल्या कुटुंबांनी. 1737 ते 1739 या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. पोर्तुगीज दरबार गेला, व्हाइसरॉयचे निशाण उतरले, पण घरातला रोझरी थांबला नाही. दरबारावाचून जी श्रद्धा जगली ती दरबाराची देणगी कशी? संत लूकने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची कथा सांगताना आरंभी सम्राट, सुभेदार, मांडलिक आणि मुख्य याजक या साऱ्यांची नावे ओळीने दिली आहेत. आणि मग सांगितले आहे की देवाचे वचन आले ते रानात राहणाऱ्या एका माणसाकडे. शुभवर्तमान वाचणाऱ्याला एवढा इशारा पुरे व्हावा.

दुसरा आक्षेप तरुणांचा: ‘मग हे सारे परके सामान फेकून का देऊ नये?’ फेकण्याचा प्रयोग फ्रान्सने करून पाहिला आहे. राज्यक्रांतीनंतर, 1797 मध्ये, राजवाड्यांतील कित्येक मौल्यवान पट त्यांतले सोने-रुपे काढण्यासाठी जाळले गेले. आंजे येथील प्रकटीकरणाच्या पुस्तकावरचा भव्य चौदाव्या शतकातील पट तुकडे करून थंडीत संत्र्याची झाडे झाकण्यास वापरला गेला. पुढे झूबेर नावाच्या एका धर्मगुरूने ते तुकडे गोळा करून जोडण्यास आयुष्य वेचले, म्हणून आज जगाला तो पाहावयास मिळतो. वस्तू जाळून दृष्टी सुधारत नाही. आणि धागा काही दरबाराचा बांधील नसतो. ब्रसेल्समध्येच, पोप दहावे लिओ यांच्यासाठी, राफाएलच्या चित्रांवरून प्रेषितांची कृत्ये विणली गेली. त्यांतील एका पटावर होडी आहे, जाळे आहे, मासळीचा ढीग आहे आणि प्रभूपुढे गुडघे टेकलेला कोळी पेत्र आहे. वेसाव्याच्या कोणाही कोळ्याला तो पट उलगडून सांगावा लागणार नाही. तिथे गुडघे टेकणे आहे, पण ते कोणा व्हाइसरॉयपुढे नाही.

आम्ही तरुणांना असेही सांगू की बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात जाऊन यावे. एकाच खडकात नटराज आहे आणि कोरलेला क्रूसही आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले. तो क्रूस पाहून आम्हांस वंदन करावेसे वाटते, आणि तेव्हा इथल्या मूळ उपासकांस कोणी विचारले होते काय, हा प्रश्नही पडतो. दोन्ही एकाच मनात राहू शकतात. ज्याला आपल्या क्रूसाविषयी असा प्रश्न विचारता येतो, त्याला दुसऱ्याच्या दरबाराने दिपून जाण्याचे भय उरत नाही.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. धर्मग्रामाच्या ज्युबिली समित्यांनी, शाळांनी आणि आईबापांनी कोणत्याही दरबारी चित्रापुढे मुलांना तीन गोष्टी विचारावयास शिकवावे. पैसे कोणी मोजले? काम कोणी केले? आणि कडेला, किंवा चित्राच्या बाहेर, कोण राहिले? हे प्रश्न फ्रेंच पटांना विचारावेत, रायगडावरील राज्याभिषेकाच्या चित्राला विचारावेत, आणि चर्चच्या उद्घाटनाच्या आपल्या छायाचित्रांनाही विचारावेत. त्या छायाचित्रांत पहिल्या रांगेत खुर्च्यांवर आम्ही धर्मगुरूच बसलेले असतो, याची आम्हांस जाणीव आहे.

आणि पुढच्या ज्युबिलीला देखावा करावयाचाच असेल तर विषय जवळच आहे. अंधेरीचे संत योहान बाप्तिस्मा याचे जुने चर्च 1579 मध्ये येशूसंघीयांनी बांधले. 1840 मध्ये साथीमुळे लोकांना ते सोडावे लागले आणि आज त्याचे अवशेष सीप्झच्या कुंपणाआड उभे आहेत. त्याचे दगड कोणी वाहिले, चुना कोणी मळला, साथीत घरदार सोडून मरोळकडे निघताना लोकांनी बरोबर काय घेतले, हे मुलांना करून दाखवू द्या. कपडे भाड्याने आणावे लागणार नाहीत. आजीच्या पेटीतले लुगडे पुरेल, आणि ते नेसून उभ्या राहिलेल्या मुलीला कोणापुढेही खाली बसावे लागणार नाही.